एका हाताच्या बरण्या

एल्वा लिंडनरला अर्धांगाचा झटका आला तो तिकडच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन थंडीत, जुलै महिन्यात, कोंबड्यांना दाणे टाकताना. हातातलं भांडं निसटलं. ते उचलायला ती वाकली, तर हात काही केल्या भांड्यापर्यंत पोचेना. कोंबड्यांनी तिच्याभोवती गोळा होऊन सांडलेले दाणे निवांत टिपून घेतले. कुंपणापलीकडच्या स्टामाताचं लक्ष गेलं तेव्हा एल्वा मातीत बसली होती आणि डाव्या हाताने उजव्या हाताला चापट्या मारत होती, झोपलेल्या पोराला उठवावं तशी.

स्टामाता काळ्या झग्यासकट कुंपण ओलांडून आली. सत्तरीला टेकलेली ती ग्रीक बाई एरवी जिना चढतानाही कुरकुरायची, पण त्या दिवशी कुंपणाची तार कुठे वाकली याचाही तिला पत्ता लागला नाही. तिने रुग्णवाहिका बोलावली, एल्वाचं डोकं मांडीवर घेतलं, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिला तिच्या भाषेत आणि आपल्या भाषेत आलटून पालटून शिव्या दिल्या. कारण डॉक्टर म्हणतात माणसाला जागं ठेवावं, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं.

एल्वा वाचली. तोंडाचा वाकडेपणा हळूहळू गेला, जीभही मोकळी झाली. उजवा पाय ओढत का होईना, पण चालायला लागला. उजवा हात मात्र कोपरापासून खाली गेला तो गेलाच. मूठ अर्धवट मिटलेली, पोटाशी धरलेली. रुग्णालयात व्यायाम शिकवणारी मुलगी रोज तिची बोटं एकेक करून उघडायची, आणि मुलगी दाराबाहेर गेली की ती बोटं पुन्हा मिटायची.

नोएलीन, एल्वाची एकुलती एक मुलगी, ॲडलेडला राहायची. रुग्णालयातून सुटल्यावर तिने आईला आपल्या घरी नेलं. घर छान होतं. जमिनीवर गालिचा, खिडकीतून दिसणारी दुसऱ्याची खिडकी, आणि स्वयंपाकघरात कशालाही हात लावायची बंदी. नोएलीन दातांच्या डॉक्टरकडे कामाला जायची आणि जाताना आईसाठी सँडविच झाकून ठेवायची, तेही तुकडे करून. ऑक्टोबर आला तेव्हा एल्वा म्हणाली, "आता मला घरी सोड."

"घरी म्हणजे?"

"घरी म्हणजे घरी. पेलिकन बेंडला. जर्दाळूंना आता बोटाएवढी फळं धरली असतील."

नोएलीनने चहाचा कप खाली ठेवला. "मम, आपलं बोलणं झालंय. गावातल्या वृद्धाश्रमात जानेवारीत एक खोली रिकामी होतेय. नदी दिसते तिथून. तुझ्या ओळखीची निम्मी माणसं तिथंच आहेत."

"म्हणूनच नको. त्यांना बोलायला विषय काय, तर काल कोण गेलं."

"तू एकटी कशी राहशील? साधी किटली उचलता येते का तुला?"

"डाव्या हाताने येते."

"आणि भरलेली?"

भरलेली किटली एल्वाने अजून उचलून पाहिली नव्हती, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

ही एल्वा मरी नदीकाठच्या फळबागांत जन्मली आणि तिथेच वाढली. तिचा बाप पहिल्या महायुद्धावरून परत आला तेव्हा सरकारने त्याला नदीकाठी जमिनीचा तुकडा दिला. त्याने तिथे जर्दाळू आणि पीच लावले. उन्हाळ्यात सगळं घर शेडमध्ये बसून जर्दाळू चिरायचं, लाकडी तबकांवर मांडायचं आणि गंधकाची धुरी देऊन उन्हात वाळवायचं. वाळवायला नको असलेली मऊ फळं आईच्या वाट्याला यायची. त्यांचा जॅम व्हायचा, पाकातली फोड व्हायची, आणि त्या बरण्यांवर घराचा हिवाळा निघायचा.

एल्वा नऊ-दहा वर्षांची असताना एका वर्षी आई आजारी होती आणि बरण्या धुवायचं काम मोठ्या मावशीने अंगावर घेतलं. मावशी घाईची बाई. कोमट पाण्यात विसळल्या, फडक्याने पुसल्या, भरल्या. मे महिना येईतो एकेका बरणीवर हिरवट केस उगवले, काहींची झाकणं फुगली, आणि कोठीत असा वास सुटला की कुत्रंही दारातून मागे फिरायचं. सगळ्या बरण्या शेडमागे खड्डा करून पुराव्या लागल्या. तो खड्डा एल्वा आणि तिच्या आईने खणला. आईच्या अंगात ताकद नव्हती, तरी ती खणत होती, आणि एकदाही मावशीचं नाव घेत नव्हती. त्या हिवाळ्यात घरात फळ असं नव्हतंच. पावाला नुसती चरबी लावून खायची. पुढच्या उन्हाळ्यापासून एल्वा आईशेजारी उभी राहून बरण्या उकळायला शिकली, आणि तेव्हापासून आजवर एकही उन्हाळा तिने चुकवला नव्हता. बापाची बाग भावाकडे गेली, लग्न होऊन ती शेजारच्या बागेतल्या क्लेम लिंडनरच्या घरी आली, नोएलीन झाली, क्लेम गेला. मागची बाग विकली गेली आणि घराभोवती एक कोंबड्यांचं खुराडं, थोडा भाजीपाला आणि एक जर्दाळूचं झाड राहिलं. तरी डिसेंबर आला की चुलीवर मोठं पातेलं चढायचंच.

ही गोष्ट नोएलीनलाही माहीत होती, म्हणूनच आईचं पुढचं बोलणं ऐकून तिला हसावं की रडावं ते कळेना.

"आपण असं करू," एल्वा म्हणाली. "मला घरी सोड. ख्रिसमसच्या आधी तू ये. तुझ्यासमोर मी जॅम करते. बरण्या धुण्यापासून झाकणं लावेपर्यंत सगळं. जमलं तर मी घरी राहणार. नाही जमलं तर तुझा तो वृद्धाश्रम. मी स्वतः सामान बांधीन."

"मम, उकळतं पाणी आहे ते! उकळता जॅम! त्यापेक्षा शिवणकामाची पैज लाव."

"शिवणकाम येत नसलेली बाई एकटी राहू शकते. उकळत्या पाण्याला घाबरणारी नाही राहू शकत. तूच म्हणालीस ना किटलीचं."

नोएलीन म्हणाली, "माझी एक अट. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसणार. तुझ्यासाठी मला एकदा जरी उठावं लागलं तरी तू हरलीस."

"कबूल. बसताना उशी घे, खुर्ची कडक आहे."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एल्वा पेलिकन बेंडला परतली. दुपारी शेजारच्या मुली फेरी मारून जायच्या, संध्याकाळी नोएलीनचा फोन यायचा. स्टामाता दिवसभर कुंपणाशी. डिसेंबरात फळं पिकायला लागली आणि तिला पैजेचं कळलं, तेव्हा तिने दोन्ही हात आकाशाकडे केले.

"अगं बये, एवढ्यासाठी काय जिवावर उदार होतेस! मी येते, बरण्या उकळते, जॅम ढवळते. तू राणीसारखी बस. तुझी मुलगी आली की मी कोठीत लपते."

"आणि नोएलीन गेल्यावर?"

"मग बाहेर येते!"

"तुला एवढी सवड असेल तर झाडावरचे जर्दाळू काढ. फळं काढणं पैजेत नाही."

"तुझे जर्दाळू? तुझा जॅम म्हणजे साखरेची पेज. मला काय पडलंय." असं म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी शिडी घेऊन आली.

पहिला पेच पडला तो बरण्या घासण्याचा. बरणी एका हाताने धरली तर घासणार कशाने? टबात ठेवून ब्रश घातला की बरणी गोल गोल फिरायची आणि ब्रश नुसता तिची चेष्टा करायचा. एक बरणी टबाच्या कडेवर आपटून फुटली. एल्वाने काचा गोळा केल्या, पुन्हा सुरुवात केली, दुसरी फुटली. मग ती थांबली आणि धुलाईघरात इकडेतिकडे बघत बसली. हे धुलाईघर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून होतं. टबाशेजारी एक जुनं बाकडं, आणि त्या बाकड्याला क्लेमचा लोखंडी शिकंजा घट्ट बसवलेला. क्लेम त्यात पंपाचे भाग धरून कानस चालवायचा. एल्वाने बाटल्या धुवायच्या लांब ब्रशाची मूठ शिकंज्यात उभी अडकवली आणि डाव्या हाताने दांडा फिरवून तो आवळला. आता ब्रश खुंटासारखा उभा. त्यावर बरणी उपडी घालायची आणि बरणीच फिरवायची. साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, पण बरणी आतून लखलखीत निघाली. तिने ती उजेडात धरून पाहिली आणि एकटीच मोठ्यांदा म्हणाली, "हां!"

दुसरा पेच मात्र भारी होता. बरण्या उकळायच्या तर मोठ्या पातेल्यात आडव्या-उभ्या घालायच्या, वर पाणी यायला हवं, पाणी खळखळलं की तशाच काही वेळ ठेवायच्या आणि चिमट्याने गरमच बाहेर काढायच्या. आजवर ते सगळं उजव्या हाताने झालेलं. डाव्या हाताला बरणीच्या गळ्यात चिमटा कुठे बसवायचा ते ठाऊकच नव्हतं. बरणी अर्धी वर आली, आतलं उकळतं पाणी एका बाजूला झुकलं, चिमटा घसरला आणि बरणी धपकन पातेल्यात पडली. पाण्याचा एक लोट बाहेर आला. तिच्या डाव्या मनगटावर आणि पायावर.

तिची किंकाळी ऐकून स्टामाता शिडीवरून उतरली की उडी मारली कोण जाणे. ती आत आली तेव्हा एल्वाने गॅस बंद केला होता आणि मनगट नळाखाली धरून ती ओठ चावत उभी होती.

"दाखव." स्टामाताने मनगट पाहिलं. लालभडक झालं होतं. तिने पायातला मोजा ओढून काढला, पायावर ओला टॉवेल ठेवला आणि मग तिचा तोंडपट्टा सुटला. "म्हातारे, तुझ्याकडे आता एकच हात उरलाय! तोही शिजवून खायचाय का? वेड लागलंय तुला. मी आत्ता नोएलीनला फोन करते."

"करशील तर बघ."

"काय करशील? मारशील? कशाने?"

एल्वाला हसू आलं नाही. "स्टामाता, तुझा नवरा गेला तेव्हा तुझ्या मुलांनी तुला सिडनीला न्यायचं ठरवलं होतं. तू काय केलंस?"

"मी घराला आतून कडी घातली."

"किती दिवस?"

"त्यांचं डोकं ताळ्यावर येईपर्यंत."

"मग?"

टॉवेल स्टामाताने आणखी एकदा पिळून पायावर ठेवला. "पण मी घरात बसले होते. उकळत्या पाण्यात नव्हते उतरले," ती पुटपुटली, आणि चिडून निघून गेली. जाताना जर्दाळूंची भरलेली टोपली दारात ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मनगटाला फोड आला होता. एल्वा टबाशेजारी स्टुलावर बसून थंड पाण्यात हात बुडवत होती. समोर कोपऱ्यात कपडे उकळायचा तांब्याचा मोठा हंडा होता, विटांच्या बैठकीत बसवलेला, खाली गॅसची शेगडी. धुलाईचं यंत्र आल्यापासून त्यात बटाट्यांची पोती पडून असायची. लहानपणापासून हजार वेळा पाहिलेली वस्तू. तिच्या तळाशी पितळेची तोटी. कपडे उकळून झाले की आई तोटी सोडायची, आणि गढूळ पाणी नालीतून बाहेर जायचं. आईने कधी हंडा उचलून पाणी ओतलं नाही. कशाला ओतेल?

एल्वाने हात पाण्यातून बाहेर काढला.

बरणी पाण्यातून उचलायची कशाला? पाणीच बरणीखालून सोडून द्यायचं!

ती इतक्या जोरात हसली की कुंपणापलीकडून स्टामाताने विचारलं, "काय गं, पुन्हा काही झालं का?"

"काही नाही! बटाटे ठेवायला जागा आहे का तुझ्याकडे?"

बटाटे हलले. हंडा सोडा आणि लिंबू लावून घासायला तिला सगळा दिवस लागला, तांबं आतून गुलाबी होईपर्यंत. तळाशी तिने ओव्हनमधली जुनी जाळी ठेवली, म्हणजे बरण्या थेट तापल्या तळाला टेकणार नाहीत. बरण्या आडव्या ठेवल्या तर पाणी आतच राहील, म्हणून तोंड खाली करून, जराशा तिरक्या, एकमेकींना टेकवून उभ्या केल्या. त्यावर नळाला रबरी नळी लावून गार पाणी भरलं. शेगडी पेटवली. पाणी खळखळलं, वाफेने खिडकी धुरकट झाली. वेळ भरल्यावर तिने गॅस बंद केला, तोटीखालची नाली मोकळी असल्याची खात्री केली आणि चालताना टेकायच्या काठीच्या टोकाने तोटी फिरवली. उकळतं पाणी घोगरा आवाज करत निघून गेलं. हंड्यात उरल्या त्या नुसत्या बरण्या, इतक्या गरम की अंगावरचं पाणी बघता बघता आटलं. डाव्या हातात जाड हातमोजा घालून तिने एकेक वर काढली. सांडायला काही नव्हतंच.

आता त्या चुलीपर्यंत न्यायच्या कशा? चांगल्या हातात काठी, म्हणजे हात संपले. तिच्याकडे लग्नात मिळालेली चहाची चाकांची गाडी होती. तिच्यावरून कधी चहा कोणाला दिला गेला नव्हता; बैठकीच्या खोलीत एका नेच्याची कुंडी मिरवायचं काम तिच्याकडे होतं. कुंडी जमिनीवर आली, गाडी धुलाईघरात आली. वर जाड टॉवेल, टॉवेलवर बरण्या. आणि गाडीचा दांडा धरला तर काठीची गरजच नाही, हे तिला ढकलताना कळलं.

शेवटचा प्रश्न झाकणांचा. भरलेली बरणी धरायची कोणी? ते कोडं तिने जेवणाच्या चमच्यांचा खण उघडताना सोडवलं. खण रिकामा करायचा, आत टॉवेलची घडी, त्यात बरणी ठेवायची आणि नितंबाने खण इतका लोटायचा की बरणी खणाच्या आणि ओट्याच्या मध्ये गच्च बसावी. मग डाव्या हाताने झाकण फिरवायचं. स्टामाताने हे खिडकीतून पाहिलं. "एवढ्या वर्षांत तुझ्या बुडाचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला," ती म्हणाली.

"तुझ्याएवढं असतं तर दोन खण लागले असते."

दोघींमधली धुसफूस अशी संपली.

नोएलीन ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी सकाळी आली. तापमान चाळिशीकडे चाललं होतं, माश्या जाळीच्या दारावर घोंघावत होत्या. तिने आईच्या मनगटावरचा डाग पाहिला. कडक खुर्चीवर उशी घालून बसली.

"चहा हवा तर किटली तिथे आहे," एल्वा म्हणाली. "पण उठलीस तर मी हरले."

"मग तूच दे."

एल्वाने दिला. अर्धी किटली भरून उकळली, डाव्या हाताने ओतला, थेंब सांडला नाही. नोएलीनने भुवया उंचावल्या.

मग काम सुरू झालं. बरण्या शिकंज्यावर घासून झाल्या, हंड्यात चढल्या. तोवर इकडे चुलीवर जर्दाळू शिजत होते. पिकलेली फळं तिने सकाळीच अंगठ्याने उकलून बिया काढून ठेवली होती. पातेल्याचा दांडा भिंतीला टेकवला होता, म्हणजे ढवळताना भांडं फिरत नाही. साखर पडली, लिंबू पडलं, फेस वर आला आणि बसला, रंग गडद झाला. तिने बर्फाच्या कप्प्यातली गार बशी काढून तीवर थेंब टाकला आणि बोटाने ढकलला. थेंबाला सुरकुती पडली, म्हणजे जॅम तयार. धुलाईघरातून तोटीचा घोगरा आवाज आला आणि थोड्याच वेळात चाकांची गाडी गरम बरण्या घेऊन दारातून आत शिरली. नोएलीन मान वळवून सगळं बघत होती. तिचा चहा गार झाला होता.

इतक्यात भिंतीवरचा फोन वाजला.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. फोन वाजतच राहिला.

"तू उठू नकोस," एल्वा म्हणाली आणि पाय ओढत जाऊन तिने तो घेतला. पलीकडे वृद्धाश्रमातल्या बाई होत्या. नोएलीन आज गावात असणार म्हणून त्यांनी खोलीचं विचारायला फोन केला होता. बाई गोड आणि बोलक्या. खिडकीला पडदे कोणत्या रंगाचे हवेत, सोबत आपली खुर्ची आणायची आहे का, बुधवारी पत्ते असतात, शुक्रवारी गाणी. एल्वाला फोन मध्येच ठेवायचा उद्धटपणा जमेना. "नोएलीन सध्या बसलीय," ती एवढंच म्हणाली, "उठली की तुम्हाला फोन करील." फोन ठेवून ती परत आली आणि पळी हातात घेतली.

पहिल्या दोन बरण्या भरल्या. तिसरीत उकळता जॅम पडला आणि टक्क असा कोरडा आवाज झाला. बरणीचा तळ गोल निखळला. केशरी रस टॉवेलवरून, गाडीच्या कडेवरून जमिनीवर धावला. त्याच्यात काचेचे तुकडे.

नोएलीन खुर्चीवरून अर्धी उठली. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, गुडघे वाकलेले, तोंड उघडं.

"बस!" एल्वा ओरडली. "नोएलीन, बस म्हणते ना!"

"मम, पाय! तुझा पाय!"

"माझा पाय मला दिसतोय. खाली बस."

नोएलीन तशीच अधांतरी राहिली. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जमिनीवर पसरणाऱ्या रसाकडे पाहिलं. मग सावकाश, जणू कोणी खांद्यावर हात ठेवून दाबत असल्यासारखी, ती परत बसली. उशी घट्ट धरून बसली.

एल्वाने धावपळ केली नाही. पळी पातेल्यात ठेवली. गॅस बंद केला. एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं, रस पसरला होता त्याच्या उलट बाजूने. ओट्यावरची जुनी वर्तमानपत्रं घेऊन जमिनीवर टाकली आणि ती स्टुलावर बसली.

"आता काय करतेस?" नोएलीनने विचारलं.

"थंड होऊ देते. गरम जॅम चिकटला की कातडी घेऊन निघतो. घाई कसली आहे?"

"का फुटली पण?"

"बोलत बसले मी. बरण्या गार झाल्या. गार काचेत उकळता जॅम घातला की असंच होणार. चूक माझी." एवढं बोलून ती मनगट चोळत बसली. नंतर काठीने कागद सरकवत तिने काचा आणि जॅम एकत्र केला, सुपलीत भरला. मग भरलेल्या दोन बरण्या उचलल्या आणि त्याही ओतून टाकल्या.

"त्या तर चांगल्या होत्या!"

"शेजारी काच फुटली. एखादा कण उडाला असेल तर दिसायचा नाही. कोणाच्या पोटात घालायचा?" मग ती रिकाम्या, गार पडलेल्या बरण्यांकडे वळली. सगळ्या गाडीवर ठेवल्या आणि गाडी पुन्हा धुलाईघराकडे ढकलायला लागली.

"मम, कुठे चाललीस?"

"धुवायला. पुन्हा उकळायला."

"सगळ्या? पहिल्यापासून? तुला उभं राहवत नाहीये."

ते खरं होतं. उजवा पाय थरथरत होता, ब्लाऊज घामाने पाठीला चिकटला होता. एल्वा दाराच्या चौकटीला टेकून क्षणभर थांबली. "पातेल्यात अजून पाच-सहा बरण्यांचा जॅम आहे," ती म्हणाली. "आणि घाणेरड्या बरणीत मी तो घालणार नाही. फोन वाजला तर वाजू दे."

धुलाईघरात ब्रशाचा आवाज सुरू झाला. नोएलीन ऐकत बसली. उठून आत जावं आणि आईच्या हातून त्या बरण्या काढून घ्याव्यात असं तिला किती वाटलं हे तिने नंतर स्टामाताला सांगितलं. ती उठली नाही. फोन खरंच एकदा पुन्हा वाजला, दोघींनीही तो वाजू दिला.

दुसऱ्या खेपेला एल्वाने पातेलं आधी तापवून उकळीवर आणलं, मग तोटी सोडली, आणि बरण्या आल्या आल्या भरल्या. एकामागून एक. पळीचा हात आता थकला होता, कडेवर जॅम लागत होता, आणि प्रत्येक कड ती उकळत्या पाण्यातून काढलेल्या फडक्याने पुसत होती. बरणी खणात, खण नितंबाने लोटलेला, झाकण फिरवलेलं. शेवटच्या झाकणाला तिचा हात घसरला. तिने हात पुसून पुन्हा फिरवलं. मग ती स्टुलावर बसली. ओट्यावर झाकणं निवताना आत ओढली जाऊन एकेक करून टकटक वाजत होती.

"उठू का आता?" नोएलीनने विचारलं.

"ऊठ. पाय अवघडले असतील."

नोएलीन उठली, आणि आईपाशी जाऊन जमिनीवरच बसली, तिच्या गुडघ्याला डोकं टेकून. डोळे पुसायला तिने आईचा एप्रन वापरला. "मला वाटलं होतं तू पडशील," ती म्हणाली. "किंवा रडशील. किंवा मला हाक मारशील."

"हाक मारायची वेळ आली तर मारीन. ते पण शिकलेय मी. कुंपणापलीकडे बाई ठेवलीय ना ओरडणारी."

"त्या बाईंना फोन करते मी. खोलीचं नको म्हणून सांगते."

"आभार मान त्यांचे. बाई चांगल्या आहेत. पडद्याचा रंगसुद्धा विचारला त्यांनी."

नोएलीन हसत हसत फोनकडे गेली. आपल्याही काही अटी तिने घातल्या, आणि एल्वाने मान्य केल्या: न्हाणीघरात धरायला दांडे बसवायचे, रोज सकाळी स्टामाताला खिडकीतून हात करायचा, आणि हात दिसला नाही तर स्टामाताने किल्ली घेऊन सरळ आत यायचं. किल्ली मिळाल्यावर स्टामाता एवढी खूश झाली की पहिल्या आठवड्यात ती कारण नसताना चार वेळा आत आली.

एल्वाचा उजवा हात नंतरही कधी उघडला नाही. त्या घरात ती आणखी कितीतरी उन्हाळे राहिली. एका वर्षी पडून खुब्याला मार बसला, दुसऱ्या वर्षी जर्दाळूच्या झाडाला कीड लागली आणि ते तोडावं लागलं, तेव्हा ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. पण ते सगळं पुढचं.

त्या शनिवारी संध्याकाळी नोएलीन जॅम घेऊन ॲडलेडला निघाली. गाडी वळणाआड गेली तशी स्टामाता चमचा हातात घेऊनच कुंपणाशी उभी राहिली. एल्वाने तिला एक बरणी दिली. स्टामाताने झाकण उघडलं, चाखलं, डोळे मिटले, पुन्हा चाखलं.

"गोड जास्त झालाय," ती म्हणाली.

"मग परत दे."

स्टामाताने बरणी झग्याच्या खिशात घातली. "पीच कधी पिकतात तुझ्या त्या भावाच्या बागेत?"

"फेब्रुवारीत. हंड्यात बसेल अशी मोठी जाळी लागेल, पीचच्या बरण्या उंच असतात." एल्वा दारात टेकून उभी होती. "उद्या सकाळी शेडमध्ये शोधू. तू ये लवकर, ऊन चढायच्या आत."